मदत हवी आहे: नाण्यांवर हिरवट चिकट थर

मी बँकेत कॅशियर, नाण्यांचा नादही जुनाच. कुणी डबा फोडून चिल्लर भरायला आलं की नजर आधी सालाखालच्या टांकसाळीच्या खुणेवर जाते: हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. (आवडलेलं नाणं स्वतःचे पैसे टाकून बदलून घेते, संध्याकाळी कॅश जुळायलाच हवी!) परवा १९८५ चा रुपया मिळाला, सालाखाली 'एच', म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. तो ठेवायला अल्बम उघडला, तर प्लास्टिकच्या कप्प्यांतल्या तांबं-निकेलच्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर! चिंचेनं घासायचं नाही एवढं ठाऊक आहे. ॲसिटोननं कुणी काढलाय का? किती वेळ बुडवायचं? आणि नवीन अल्बम पीव्हीसीचा (ज्या प्लास्टिकमुळे असा थर येतो त्याचा) नाही, हे दुकानात ओळखायचं कसं?