मदत हवी आहे: वर्ष-दोन वर्षं कुणी न उघडणारा जिओकॅश (जीपीएसच्या खुणेवरून इतरांनी शोधायचा लपवलेला डबा) कोरडा कसा ठेवायचा?

लळिंगच्या डोंगरात, किल्ल्याच्या हद्दीबाहेर, पश्चिमेकडच्या कपारीत चार कड्यांचा प्लास्टिकचा डबा आहे. धुळ्याच्या उन्हाने कड्या ठिसूळ होऊन तडकतात, झाकण एका बाजूने उचलतं. पावसाळ्यात डबा दिवसा तापतो, रात्री गार होताना दमट हवा आत ओढतो आणि लॉगवहीचा, म्हणजे शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीचा, लगदा होतो.

सिलिका जेलच्या पुड्या एका पावसाळ्यात निकामी होतात, झिपची पिशवी घडीवर फाटते. पेन्सिल तेवढी टिकते.

पुरणं नियमात बसत नाही. लष्करी धाटणीची लोखंडी पेटी नको, गुराख्यांना उगाच संशय. देखभाल फक्त दिवाळीनंतर शक्य.

सोड्याच्या बाटलीच्या प्रीफॉर्ममध्ये (बाटली फुगवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी) जलरोधक कागदाची गुंडाळी ठेवली, तर अशा उन्हात त्याचं झाकण दोन वर्षं घट्ट राहील का? की रबराची रिंग असलेला स्टीलचा डबाच बरा?