मदत हवी आहे: नियमपुस्तिका साध्या वेबपानांवर ठेवावी की अ‍ॅप करावं?

अर्धविराम
लवकर उत्तर हवंय, परवा बैठक आहे. आमच्या संस्थेची नियमपुस्तिका इतकी वर्षं साध्या एचटीएमएल पानांवर होती. नव्या साइटवर गेली आणि सगळं बिघडलं. एखाद्या कलमाची लिंक पाठवली की समोरच्याकडे पहिलंच पान उघडतं. बॅक दाबलं की थेट साइटच्या बाहेर. कंट्रोल-एफ करून शब्द शोधला तर सापडत नाही, आणि खाली स्क्रोल केलं की तोच शब्द समोर! प्रिंटला एकच पान येतं, तेही अर्धं. करणारे म्हणतात हे आता अ‍ॅप आहे, हल्ली वेब अ‍ॅपसाठीच असतं, सवय होईल. मला एवढंच सांगा, वेब डॉक्युमेंटसाठी आहे की अ‍ॅपसाठी? बैठकीत काय बोलू?

रानवारा
कशात केलंय? रिअ‍ॅक्ट (वेब अ‍ॅप बांधायचं साधन) की आणखी काही? लॉगिन आहे का? वाचणारे मोबाइलवर असतात की ऑफिसात? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

जुना_खडू
डॉक्युमेंटसाठी, दुसरं काही नाही. टिम बर्नर्स-लीने १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला तो माहिती एकमेकींना जोडण्यासाठी. प्रत्येक गोष्टीला पत्ता, आणि तो पत्ता कुणालाही देता यावा. जी साइट कलमाचा पत्ता देऊ शकत नाही तिला मी वेबसाइट म्हणणारच नाही. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम चालवणारी भाषा, आली १९९५ मध्ये आणि तेव्हापासून उतरण लागली.

टिकटिकी
जुना_खडू, अर्धाच इतिहास सांगताय. सर्नमध्ये वेब लोकांच्या हाती गेलं ते टेलिफोन डिरेक्टरीमुळे. नाव टाका, नंबर मिळवा. म्हणजे पहिल्यापासून पलीकडे, सर्व्हरवर, प्रोग्रॅम चालतच होता. २००४ मध्ये मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर करणाऱ्यांनी डब्ल्यूथ्रीसीपुढे, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेपुढे, सुचवलं की एचटीएमएललाच अ‍ॅपसाठी वाढवू. मतं पडली ८ विरुद्ध १४, प्रस्ताव पडला. मग त्यांनी वेगळा गट काढला आणि त्यातूनच एचटीएमएल५ उभं राहिलं. आज नकाशे, मेल, स्प्रेडशीट ब्राउझरमध्ये चालतात ते त्यामुळे. ते सगळं काढून टाकायचं का?

जुना_खडू
नकाशाबद्दल कोण बोलतंय? इथे नियमपुस्तिका आहे.

पानगळ
दोघंही जेमिनी प्रोटोकॉल बघा, वेबला साधा पर्याय (गूगलचं एआय नव्हे). २०१९ पासून आहे. स्क्रिप्ट नाही, कुकी नाही, नुसता मजकूर आणि लिंका. मी माझं सगळं लिखाण तिकडे हलवलं, फार शांत वाटतं.

रानवारा
पानगळ, संस्थेच्या सभासदांना त्यासाठी वेगळा ब्राउझर घ्यायला लावणार का?

मोरपंखी
वेबच्या भानगडीत पडूच नका. सरळ अँड्रॉइड अ‍ॅप काढा. नियम बदलला की नोटिफिकेशन जातं. फ्लटर या अ‍ॅप करायच्या साधनात केलंत तर आयफोनवरही तेच चालतं. फक्त मराठी फाँट अ‍ॅपमध्येच टाका, नाहीतर काही फोनवर जोडाक्षरं तुटतात.

अर्धविराम
अँड्रॉइड अ‍ॅप मी मागितलंच नाही. रिअ‍ॅक्टमध्ये केलंय. लॉगिन आहे, कारण हॉलचं बुकिंग आणि तक्रार नोंदवणंही त्याच साइटवर आहे. ते असतंच ना सगळीकडे.

लंबगोल
हेच आधी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि करणाऱ्यांनी दोन्ही एकाच साच्यात घातल्यात.

लक्षणं एकेक करून बघू. कंट्रोल-एफला शब्द सापडत नाही, कारण यादी बहुधा व्हर्च्युअल आहे: स्क्रीनवर दिसतात तेवढीच कलमं पानात असतात, बाकीची स्क्रोल केल्यावर घातली जातात आणि मागची काढली जातात. जे पानात नाही ते ब्राउझर शोधणार कुठे? प्रिंट अर्धी येते, कारण मजकूर ठरावीक उंचीच्या, आतल्या आत स्क्रोल होणाऱ्या चौकटीत असेल. प्रिंटच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या सूचनांत, उंची ऑटो आणि ओव्हरफ्लो व्हिजिबल केलं की चौकट सुटते, पण जी कलमं पानातच नाहीत ती तरीही छापली जाणार नाहीत. लिंक आणि बॅकचं मूळ एकच: कलम बदलतं पण पत्ता बदलत नाही, हिस्टरीत नोंद होत नाही.

शोधणं, छापणं, मागे जाणं, पत्ता पाठवणं हे ब्राउझर वाचकाला आयतं देतो. करणाऱ्यांनी ते काढून घेतलं आणि वर सवय करा म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. नियम वाचणारा माणूस अडचणीत असताना वाचतो, त्याला नेमकं कलम हवं असतं.

बैठकीत एवढंच सांगा: नियम सर्व्हरवरून पूर्ण एचटीएमएल म्हणून यावेत, दर कलमाला स्वतःचा पत्ता असावा. त्यासाठी रिअ‍ॅक्ट फेकायचीही गरज नाही, पानं आधीच तयार करून ठेवता येतात. बुकिंगच्या कॅलेंडरला हवी तेवढी स्क्रिप्ट वापरा.

टिकटिकी
लंबगोल यांच्याशी सहमत. पण नियम ऑफलाइन हवे असतील तर सर्व्हिस वर्कर (पानं ब्राउझरमध्ये साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) लागेल, म्हणजे पुन्हा अ‍ॅपच.

लंबगोल
नाही. सर्व्हिस वर्कर साधी पानंही साठवतो. त्यासाठी सगळी साइट एका पानात कोंबावी लागत नाही.

जुना_खडू
बुकिंगलाही स्क्रिप्ट कशाला? फॉर्म १९९५ च्या एचटीएमएल २ मध्येही होते. तारीख निवडा, बटण दाबा, झालं.

रानवारा
आणि तारीख आधीच भरलेली निघाली तर दर वेळी नवं पान? अर्धविराम, तुम्ही व्ह्यू सोर्स करून सर्व्हरवरून आलेला पानाचा कोड बघा. कलमाचा मजकूर तिथे दिसतो का?

अर्धविराम
बघितलं. रूट नावाची एक रिकामी डिव्ह, म्हणजे कोरी चौकट, आणि खाली स्क्रिप्टची फाइल. कलम एकही नाही. बैठकीत हेच पडद्यावर दाखवतो. आता एकच सांगा, जुन्या लिंका शेकडो पत्रांत छापून गेल्यात, अशा: नियम डॉट एचटीएमएल, पुढे हॅश (#), मग कलम-४२. त्यांचं काय?

लंबगोल
हॅशच्या पुढचं सर्व्हरला कळतच नाही, त्यामुळे कलमागणिक रीडायरेक्ट लावता येणार नाही. जुन्या पत्त्यावरून संपूर्ण नियमांच्या एका लांब पानावर ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, लावा आणि तिथे कलमांचे आयडी (हॅशपुढची नावं) जुनेच ठेवा. हॅश ब्राउझर स्वतः पुढे नेतो, माणूस बरोबर ४२ वर उतरेल. दर कलमाचं वेगळं पान शिवाय ठेवा.

मोरपंखी
अ‍ॅपमध्ये डीप लिंकही, म्हणजे थेट कलमावर नेणारी लिंक, करता येते हं.