अनुभव धागा: जुनं सोनं मोडताना तुम्हाला काय अनुभव आला?

चतुर्थीच्या आधी घर आवरताना सासूबाईंचा पितळी डबा निघाला. त्यात एकाच कानातली कुडी, तुटलेल्या साखळ्या, घट्ट झालेल्या अंगठ्या आणि दोन नाणी होती. घालणारं कुणी नाही, म्हणून मोडायचं ठरवलं. आम्ही फोंड्याला राहतो.

पहिल्या दुकानात त्यांनी नाणी सोडून सगळं एकाच पारड्यात टाकलं. ३१ ग्रॅम भरलं. "यात मिसळ आहे बाई, सगळं अठरा कॅरेटच धरतो," म्हणाले. मी डबा उचलून घरी आणला. भिंगातून एकेक दागिना बघितला, ९१६ चा शिक्का असलेले, म्हणजे बावीस कॅरेटचे, वेगळे केले, ७५० चे, म्हणजे अठराचे, वेगळे. २० ग्रॅम बावीसचं निघालं, ११ ग्रॅम अठराचं. सगळं अठरा धरलं असतं तर सव्वातीन ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं त्यांना फुकट गेलं असतं. दुसऱ्या शेटांनी दोन्ही गट मशीनवर वेगवेगळे तपासले आणि वजनही वेगळं केलं. तिथेच दिलं. नाणी मात्र अजून घरी आहेत, त्यांचं काय करावं कळत नाही. तुमचे अनुभव मोकळेपणाने लिहा. गाव लिहा, दुकानाचं नाव नको.

म्हापसा
आईच्या पाटल्या होत्या, आतून लाख भरलेल्या. मला त्याची कल्पनाच नव्हती. वजन २४.६ ग्रॅम आलं आणि मी मनात हिशेब करून टाकला. शेट म्हणाले, "आटवून बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. तुम्ही इथेच बसा." बसले. मुशीत पाटल्या घातल्या, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत लावल्याबरोबर लाखेचा काळा धूर निघाला. तो वास आईच्या लाकडी पेटीचा होता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी बोटाच्या पेराएवढी लगड निघाली, २०.१ ग्रॅम. समोर बघितलं नसतं तर साडेचार ग्रॅम चोरले असंच जन्मभर म्हणत राहिले असते. एक सांगते, त्या दिवशीचा भाव आणि घट किती धरणार हे आटवण्याआधी विचारून घ्या. एकदा आटवलं की पाटल्या परत मागता येत नाहीत.

डिचोली
नाणी बँकेची असतील तर बँकेत खेटे घालू नका. बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. मी दोन शाखा फिरलो. शेवटी आमच्याच बाजारातल्या सराफाने घेतलं, शेकडा दोन कापून. पाकीट फोडलेलं नव्हतं म्हणून तेवढ्यावर भागलं.

मडगाव
आधी नाण्यांचं वजन करा. आमचे आजोबा आफ्रिकेत नोकरीला होते, त्यांनी आणलेलं पाचव्या जॉर्जचं सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं, आईच्या गळ्यात असायचं, कडी लावून. खरेदीदार कडीसकट अठराच्या भावाने मागत होता. सॉव्हरिन बावीस कॅरेटचं असतं, वजन ७.९८ ग्रॅम. कडी काढून वजन केलं, तंतोतंत भरलं. मग माझ्या भावाने भिंग लावलं. घोडेस्वाराच्या पायाखाली, १९१८ या सालाच्या वर, बारीक 'आय' अक्षर दिसलं. म्हणजे ते मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं. तिथे सॉव्हरिन त्या एकाच वर्षी पाडली गेली. आम्ही विकलं नाही. तुमच्या नाण्यांवर काय आहे ते नीट बघा, वितळवायला देऊ नका.

पणजी
आमच्या आजीचा गोठ पोर्तुगीज बँकेत गहाण होता. १९६१ मध्ये मुक्तीच्या आधी तिथले दागिने लिस्बनला नेले, ते १९९१ मध्ये परत आले. तीस वर्षं वाट बघितलेली वस्तू मोडायला आमच्या घरात अजून कुणाचा हात धजत नाही.

पेडणे
पैशांचं बोला. रक्कम दोन लाख किंवा त्याच्या वर गेली तर रोख घेता येत नाही, कायद्याने बंदी आहे. मला एकाने "दोन दिवसांत दोन भागांत घ्या" असं सुचवलं. मी नको म्हटलं, पैसे खात्यावर घेतले. पावतीवर वजन, कॅरेट, भाव तिन्ही लिहून घ्या. वारशाचं सोनं असलं तरी नफ्यावर कर लागू शकतो, तेव्हा हीच पावती लागते.

काणकोण
आईचं मंगळसूत्र मोडलं, भावाच्या ऑपरेशनसाठी. वाट्या काढायला शेटांनी कात्री घेतली आणि काळे मणी काउंटरवर सांडले. त्यांनी एकेक वेचला, दोऱ्यात ओवला आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. वजन त्यानंतर केलं. भाव चांगला दिला की नाही, मी तपासलंच नाही. तुम्ही मंगळसूत्र नेणार असाल तर मणी घरीच काढून न्या. परक्या हातातली कात्री बघवत नाही.