‘होय-नाही पुरे’ म्हणणाऱ्यांसाठी

शहापूर प्रिंटवाला: काल इथं एकानं लिहिलं, त्याच नावाची दुसरी फाइल आधीच्या फाइलवर बसताना कॉम्प्युटर विचारतो तिथं ‘होय’ आणि ‘नाही’ एवढी दोन बटणं बास, ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्यानं कॉम्प्युटरला हात लावू नये. रात्रभर तेच डोक्यात. माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नसराईत गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन डोक्यावर उभं, फोनवर दुसरा ‘झालं काय’ विचारूलालाय, त्यात प्रश्न कोण वाचतंय? डोळा सरळ बटणावर जातो. जुन्या विंडोज एक्सपीत विचारायचं, आधीच्या फाइलच्या जागी ही टाकू का, आणि खाली येस, येस टू ऑल, नो, कॅन्सल. ‘ही’ म्हणजे कुठली? पोरानं येस टू ऑल दाबलं आणि तीनदा प्रूफ बघितलेल्या पत्रिकेवर गिऱ्हाइकाची आठ दिवसांपूर्वीची बसली, तिच्यात नवरीच्या मामाचं नावच नव्हतं. चारशे छापल्यावर कळलं. रिसायकल बिन उघडली, तिथं काय नाही. मामा हळदीला आला नाही. बटणावर ‘इथली पुसा’, ‘दोन्ही ठेवा’ असतं तर पोरगा थांबला असता.

टिळकवाडी: थांबला नसता. माणूस बटण वाचत नाही, जागा लक्षात ठेवतो. आणि ‘दोन्ही ठेवा’ दिलं की फायनल, फायनल 2, फायनल नवीन, मग खरी कुठली ते शोधत बसा. मामाचं नाव बॅकअप नसल्यामुळं गेलं.

निपाणीकर: एक्सपीनंतरच्या व्हिस्टात बटणांवर पूर्ण वाक्यं आली होती की, कॉपी करून बदला, कॉपी करू नका, दोन्ही ठेवा. पण शब्द स्पष्ट असून भागत नाही. मॅकवर फोल्डरवर त्याच नावाचं फोल्डर टाकून ‘रिप्लेस’ दाबा, जुनं आख्खं जातं. विंडोजवर दोन्ही एकत्र होतात. आणि मराठीचे हाल बघा, ‘ऑर्डर रद्द करायची का?’ खाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’. आता काय दाबायचं?

खानापूर: मराठी दिसतंय तरी तुम्हाला. आमच्या इथं सीमाभागात फॉर्म भरायचा तर स्क्रीन सगळी कन्नड. हौदु, इल्ला म्हणजे होय, नाही, एवढं ओळखू येतं म्हणून निभतंय. उद्या बटणावर लांब वाक्य आलं तर आमच्या आईनं काय करायचं? ही होय-नाहीच बरी.

टिळकवाडी: इतकी वर्षं इथं राहून चार ओळी वाचायला शिकता येत नाहीत? मी शिकलो.

खानापूर: 1956 ला आमचा भाग कन्नड राज्यात गेला तेव्हापासून हेच ऐकतोय आम्ही. आई 71 वर्षांची आहे, तिला शिकवायला तुम्ही या.

निपाणीकर: अहो बटणावरून सीमाप्रश्नावर कुठं चाललाय. आपलं ‘रद्द’ आणि कन्नडातलं ‘रद्दु’ तर एकच आहे, आणि तोच शब्द सगळ्यात जास्त फसवतो.

शहापूर प्रिंटवाला: खानापूरचं म्हणणं मला पटलंय, लांब वाक्य नकोच. पण हौदु म्हणजे होय हे कळलं तरी कशाला होय ते कुठं कळतंय? एक शब्द पुरे, पण तो क्रियापदाचा पाहिजे. बदला. ठेवा. थांबा.

खानापूर: आईच्या भाषेत असेल तर चालेल.

टिळकवाडी: ठीक आहे, ‘बदला’ लिहा, आणि दोन्ही फाइलींची तारीख ठळक दाखवा, एवढं मान्य. बॅकअपचं मात्र मी सोडणार नाही.

शहापूर प्रिंटवाला: बॅकअप त्याच रात्री चालू केला. आणि नवी छापलेली पत्रिका घेऊन मी स्वतः मामाच्या दारात गेलो, अक्षतांना आला तो.