नाण्यावरचं 'डबल' साल : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

माने (बी-२०४): नवीपेठेत सुट्ट्यात आलेलं १ रुपयाचं स्टीलचं नाणं. सालाचे आकडे दुहेरी दिसतायत, फोटो टाकलाय. ऑनलाइन अशांना हजारो रुपये सांगतात. खरं आहे का हो?

बल्ला काका (सी-१०१): सांगायला काय जातंय! फोटोत आकड्यांभोवती जाड, धूसर सावली आहे. बहुतेक डाय (नाण्यावर छाप उठवणारा साचा) झिजलेली. १० पट भिंग घ्या, दिवा बाजूने तिरका धरा आणि नाणं सावकाश फिरवा. अक्षरं फुगलेली, कडा विरघळल्यासारख्या, मोकळ्या जागेत संत्र्याच्या सालीसारखी खडबड असेल तर शंकाच नको.

माने: झिजलं तर पुसट व्हायला पाहिजे, दुहेरी कसं?

बल्ला काका: झिजते डाय, नाणं नव्हे. प्रत्येक ठोक्याला चकतीचा धातू कडेकडे सरकतो. असंख्य ठोक्यांनी डायमधल्या अक्षरांच्या खाचांचे काठ घासून रुंद होतात, त्यात धातू शिरतो आणि अक्षराला लागून उथळ उंचवटा उठतो. म्हणून काठाजवळची अक्षरं आधी बिघडतात. त्यात स्टील कठीण, डाय लवकर थकते.

देशमुख (ए-१०३): उद्या पाणी येणार का?

शेख मॅडम (ए-३०२): देशमुख, ते पाण्याच्या ग्रुपवर विचारा.
माने, अजून एक फसवा प्रकार आहे. ठोका बसताच सैल डाय किंचित हलली, तर अक्षराची एक बाजू दबून चपटी, चकचकीत पायरी होते. ती पायरी अक्षरातूनच गेलेली असते, म्हणून अक्षर बारीक होतं. झिजेत जाड होतं. आधी एवढंच तपासा.

माने: मग खरं डबल डाय?

बल्ला काका: डाय घडवतानाच ठसा दोनदा, जरा सरकून बसलेला. दोन्ही रेषा गोलसर, उठावदार. अक्षरांच्या टोकांना दुभंगलेली खाच. अमेरिकेचा १९५५ चा १ सेंट पाहा, साल नुसत्या डोळ्यांनी दोनदा दिसतं. त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी छाप, त्याच जागी. झिजेचं तसं नाही, ती ठोक्यागणिक वाढत जाते.

शेख मॅडम: त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं दुसरं नाणं शेजारी ठेवा. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

माने: चिंचेने घासून परत फोटो काढू?

बल्ला काका: अजिबात नको! घासलं की कडा गोल होतात, मग खाच होती की नव्हती कोण सांगणार? कोरडंच ठेवा, जवळून फोटो काढा.

माने: हा घ्या, भिंगातून.

शेख मॅडम: आकडे जाड, खाच कुठेच नाही, वर खडबड. डाय झिजलेली. १ रुपयालाच चालवा.