गाडीच्या आतला रंग: बेज की काळा?

वऱ्हाडी:
भाऊ म्हणतो स्विफ्ट घे, मला डिझायर हवी. वाद डिकीवरून नाही, आतल्या रंगावरून आहे. स्विफ्ट आतून काळी, डिझायरला काळ्याच्या जोडीला बेज. आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात पारा सहज ४४-४५ वर जातो. जुनी गाडी आतून पूर्ण काळी, वर काळ्याच रेक्झिनची कव्हरं. दुपारी दोन तास उन्हात उभी राहिली की बेल्टच्या बकलाला हात लावता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात मुलगी फ्रॉक घालून सीटवर बसली आणि रडतच उठली. तेव्हापासून आईने मागे सुती चादर अंथरून ठेवली आहे. काचांवर काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच मनाई केली. मग निदान सीट तरी ऊन पिणारी नको. विदर्भात काळं इंटीरियर विकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

चिपळूणची:
दादा, एक पावसाळा इकडे काढून बघा. आमची बेज गाडी सहा वर्षं वापरली. जून ते सप्टेंबर तांबडी माती चपलांबरोबर आत येते. दाराच्या आतल्या बाजूला, सीटच्या कडेला पाय लागतोच. ब्रशने, शांपूने घासून माती निघते, तांबूस डाग राहतो. त्यात ओल, सीटवर बुरशीचे ठिपके. नव्या जीन्सचा निळा रंग उतरला तो वेगळाच. विकायला नेली तेव्हा दलालाने दार उघडलं, सीट पाहिली आणि बोली खाली आणली. उन्हावर चादर टाकता येते, डागाला काय करणार?

घाटवाट:
दोघांनीही डॅशबोर्ड विसरलात. त्याचा वरचा भाग फिका असेल तर समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. वरंधा घाटात दुपारी मित्राच्या गाडीत मला याचा फार त्रास झाला, कारण त्याने वर क्रीम रंगाचं कापड पसरलं होतं. म्हणूनच बेज गाड्यांतही तो भाग सहसा काळा किंवा गडद ठेवतात. दुसरं, सूर्याच्या उष्णतेतला जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. ती काचेतून आत येते, त्यामुळे बेज गाडीही तापतेच. मी रंगाआधी कापड बघेन. रेक्झिनपेक्षा कापडी सीट बरी, मग ती काळी का असेना.

वऱ्हाडी:
डॅशबोर्डचं पटलं, तो काळाच हवा. पण हवा एसीने पाच-दहा मिनिटांत निवते. चटका सीटचा लागतो, आणि तो पहिल्याच मिनिटाला. तिथे रंगाचा फरक पडतोच. आणि चिपळूणच्या ताई, चादर आम्हीही टाकतो. गाडी घ्यायची आणि जन्मभर झाकून ठेवायची, हे मला पटत नाही.

नागपूर भाडं:
मी प्रवासी गाडी चालवतो, आतून बेज. आमच्याकडची धूळ कोरडी, फडक्याने झटकली की जाते. डोकं टेकतात तिथे तेलाचे डाग पडतात, म्हणून तेवढ्याला पांढरी कव्हरं घातली, दर रविवारी धुतो. उन्हातून आलेली सवारी बेज सीटवर बिनधास्त बसते. कोकणात मात्र मी काळीच घेतली असती.

चिपळूणची:
हे मान्य. माझं भांडण बेजशी आहे ते इथल्या मातीमुळे.

वऱ्हाडी:
शनिवारी दुपारी दोनला भावाला घेऊन शोरूमला जातोय. दोन्ही गाड्या तासभर उन्हात उभ्या करायला सांगितल्या आहेत. सीटला आधी मी हात लावून बघेन.