मदत हवी आहे: शाळागळतीचा अंदाज बांधताना ‘गळती’ नेमकी कशाला म्हणावी?

नमस्कार.

मी संगणकशास्त्राचा अध्यापक असून जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रचनेवर पीएच.डी. करतो आहे. बीड जिल्ह्यातील तीन शाळांच्या हजेरीपत्रकांवरून कोणत्या मुलाची शाळा सुटण्याची शक्यता आहे हे वेळीच ओळखता येईल का, हा माझा विषय आहे. हा अंदाज बांधणारे संगणकीय मॉडेल तयार आहे. पण ते नेमके काय ओळखते, याचीच मला आता खात्री वाटत नाही.

शाळा सुटल्याची नोंद कागदावर फार उशिरा येते, म्हणून सलग ६० दिवसांची गैरहजेरी म्हणजे गळती असे मी धरले होते. मूळ हजेरीपत्रके पुन्हा चाळताना आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे वर्गशिक्षिकेने पेन्सिलीने लिहिलेला ‘कोयत्यावर’ हा शेरा दिसला. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, मार्चअखेर परतली आणि परीक्षा देऊन नववीत गेली. माझ्या विदेत (डेटामध्ये) मात्र ती ‘गळती’ आहे, कारण हजेरी संगणकात भरताना तो शेरा कोणी उतरवलाच नाही. उलट तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी शेवटच्या दिवसापर्यंत हजर होती आणि जूनमध्ये आलीच नाही. उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले होते. तिला मॉडेलने अगदी सुरक्षित ठरवले होते.

संशोधक झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतील आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचा असाच दोष दाखवला होता. जादा देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरवताना ती प्रणाली आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत असे, आणि तितकेच आजारी असूनही कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत असल्यामुळे ते मागे पडत. हा दोष दूर केल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा या संशोधकांचा निष्कर्ष होता. त्या प्रणालीला वंशाची माहिती दिलेलीच नव्हती. मीही जातीचा रकाना मुद्दाम वगळला आहे, आणि तेवढ्याने पक्षपात टळला असे इतके दिवस समजत होतो.

दुसरा पेच संमतीचा आहे. मुख्याध्यापकांना गळतीची शक्यता असलेल्या मुलांची नावानिशी यादी हवी आहे आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मधील संशोधनासाठीची सूट, त्या विदेवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय होणार असल्यास लागू होत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. हे पालक हंगामभर कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतात. गावी परतल्यावर घाईघाईत घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे मला पटत नाही.

स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत शिकणे सुरू ठेवता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड आणि पुढच्या जूनमधील पटनोंदणी यांची सांगड घालून गळतीची व्याख्या कोणी केली आहे का? कार्डांच्या नोंदी प्रत्यक्षात कितपत नियमित असतात, हे बीड, जालना किंवा नगरकडच्या शिक्षकांनी सांगितल्यास फार मदत होईल. तसेच ऊसतोड कुटुंबांत काम केलेल्यांनी, संमतीविषयी त्यांच्याशी केव्हा आणि कोणामार्फत बोलावे, हे कृपया सुचवावे. तोपर्यंत यादी मी कोणालाही दिलेली नाही.